मेंदूतलं विरजण

पेन्शनरांची गर्दी असते त्या दिवसांत ठाण्याच्या नौपाड्यातल्या बँकेत हे दृश्य दिसतं. आजोबांचा चेक परत येतो, कारण सही जुळत नाही. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरची जुनी सही दाखवतो. ती ऐसपैस असते, शेवटी झोकात ओढलेली रेघ. आत्ता कागदावर केलेल्या सहीचं पहिलं अक्षर ठीक असतं, पण पुढची अक्षरं बारीक होत होत शेवटी नुसता ठिपका उरतो. आजोबा पुन्हा सही करतात, पुन्हा तेच. मागचे लोक समजूतदारपणे म्हणतात, "वय झालं हो." हात तर थरथरत नाही, मग आजार कसला?

पार्किन्सनमध्ये, म्हणजे ज्याला आपल्याकडे कंपवात म्हणतात त्यात, थरथर आधी यायलाच हवी असं नाही. काहींना ती कधीच येत नाही. लिहिता लिहिता अक्षर आक्रसत जाणं, चालताना एकच हात न हलणं, चेहरा निर्विकार दिसणं ही सगळी त्याचीच लक्षणं. आजींना बाजूला घेऊन विचारलं, तर आणखी जुन्या गोष्टी निघतात. फोडणी करपली तरी यांना वास येत नाही, याला कित्येक वर्षं झाली. पोट साफ नसल्याची तक्रार जुनीच. शिवाय हे झोपेत लाथा झाडतात, कुणाशी तरी भांडल्यासारखे ओरडतात. स्वप्न पडत असताना मेंदू एरवी आपलं अंग सैल करून ठेवतो. ती सोय बिघडली की माणूस स्वप्नातली हाणामारी पलंगावर करायला लागतो. वास, पोट आणि झोप या तीन गोष्टी सहीच्या दहा-पंधरा वर्षं आधी बिघडलेल्या असू शकतात. बँकेत दिसला तो आजाराचा उत्तरार्ध होता.

अल्झायमर, पार्किन्सन, हंटिंग्टन (अंगाच्या अनियंत्रित हालचालींचा आनुवंशिक आजार), एएलएस (स्नायू हळूहळू लुळे पडण्याचा आजार) या सगळ्यांत मेंदूतल्या किंवा मज्जारज्जूतल्या चेतापेशी हळूहळू मरतात. लक्षणं वेगळी, सुरू होण्याचं वय वेगळं, डॉक्टरांच्या गोळ्याही वेगळ्या. पण पेशीच्या आत डोकावलं तर गोष्ट बरीचशी एकच दिसते. कुठलं तरी प्रथिन चुकीच्या आकारात दुमडतं, त्याचे पुंजके होतात, पेशीला ते साफ करता येत नाहीत आणि ते शेजारच्या पेशींत पसरतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ही साखळी तयार झाली की ठरलेल्या पद्धतीने दुमडून तिला एक आकार येतो आणि त्या आकारामुळेच ते प्रथिन आपलं काम करू शकतं. पार्किन्सनमध्ये बिघडणारं प्रथिन आहे अल्फा-सिन्युक्लिन. १४० अमिनो आम्लांचं हे छोटं प्रथिन चेतापेशीच्या टोकाशी असतं आणि निरोप्या रसायनांच्या पिशव्या हाताळायला मदत करतं. निरोगी अवस्थेत ते बऱ्यापैकी सैल, मोकळं असतं. मात्र कधीतरी त्यातला एखादा रेणू चपट्या, चिकट आकारात बसतो. त्याला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा आणि त्यांचा धागा होतो. मग शेजारचे चांगले रेणू त्या धाग्याला भिडले की तेही तोच आकार घेतात.

ही क्रिया आपल्या घरात रोज रात्री होते. कोमट दुधात चमचाभर विरजण टाकलं की सकाळी अख्खं पातेलं दही झालेलं असतं. थोडंसं बिघडलेलं प्रथिनही असंच चांगल्याला आपल्यासारखं करत जातं, आणि दह्याचं जसं परत दूध होत नाही तसा हा आकारही सहसा मागे फिरत नाही. एक फरक मात्र फार मोठा आहे. विरजणात जिवंत जिवाणू असतात. इथे जिवंत असं काहीच नाही, डीएनए नाही, विषाणू नाही. नुसता आकार पसरतो. अमेरिकेतले स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ही कल्पना मांडली, अशा प्रथिनाला 'प्रायॉन' नाव दिलं, तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे जमातीत मृतांचा मेंदू खाण्याच्या अंत्यविधीतून पसरणारा कुरू आणि गाईंमधला मॅड काऊ हे दोन्ही प्रायॉनचेच आजार.

हे वाचून कुणाच्या मनात भलती शंका यायला नको, म्हणून स्पष्ट लिहितो. अल्झायमर किंवा पार्किन्सन झालेल्या माणसाच्या सहवासातून, उष्ट्यातून, शिंकेतून, सेवा करण्यातून हा आजार लागत नाही. इंग्लंडमध्ये काही मुलांना पूर्वी मृतदेहांच्या ग्रंथींतून काढलेलं वाढीचं संप्रेरक इंजेक्शनने दिलं होतं. त्यांतल्या काहींना पुढे अल्झायमरसारखी लक्षणं दिसल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ती उपचारपद्धत १९८५ मध्येच बंद झाली. सोसायटीतल्या आजारी काकूंच्या घरचा चहा नाकारण्याचं काहीएक कारण नाही.

विरजणाचा हा गुण आता तपासणीसाठीही वापरतात. रुग्णाच्या पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी काढायचं, त्यात प्रयोगशाळेत बनवलेलं चांगलं अल्फा-सिन्युक्लिन घालायचं आणि ते हलवत, ऊब देत ठेवायचं. पाण्यात बिघडलेलं 'बी' असेल तर चांगलं प्रथिनही धागे धरू लागतं आणि चमकणाऱ्या रंगामुळे ते मोजता येतं. सध्या ही तपासणी मुख्यतः संशोधनात वापरली जाते, गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नाही. पण जिवंत माणसाच्या शरीरात हे प्रथिन बिघडलंय की नाही, हे कळण्याची सोय आधी नव्हतीच.

अल्झायमरची कथा फ्रँकफर्टमध्ये १९०१ मध्ये सुरू होते. ऑगस्टे डेटर नावाच्या पन्नाशीतल्या बाई दवाखान्यात दाखल झाल्या. त्यांना स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर अर्ध्यावरच विसरायच्या. १९०६ मध्ये त्या वारल्या आणि अलॉइस अल्झायमर यांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर डाग होते आणि पेशींच्या आत गुंतवळ. सव्वाशे वर्षांनंतरही आपण त्या डागांची आणि त्या गुंतवळीचीच चर्चा करतोय.

बाहेरचे डाग अमायलॉइड-बीटाचे. चेतापेशीच्या पापुद्र्यात एपीपी नावाचं मोठं प्रथिन असतं. दोन विकरं (एन्झाइम) त्याला ठरावीक जागी कापतात आणि तुकडा सुटतो. हा तुकडा ४० अमिनो आम्लांचा असला तर बहुधा वाहून जातो, ४२ चा असला तर जास्त चिकट असतो. एपीपीचं जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं, त्यामुळे हा तुकडा आयुष्यभर जास्त तयार होतो आणि त्या व्यक्तींमध्ये अल्झायमर फार लवकर, फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. अमायलॉइडचा दोष दाखवणारा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

आतली गुंतवळ टाऊ या प्रथिनाची. चेतापेशीच्या लांब शेपटीत सूक्ष्म नळ्या असतात, त्यांच्यावरून माल पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. टाऊ त्या नळ्यांना धरून ठेवतं. त्यावर फॉस्फेटचे गट गरजेपेक्षा जास्त चढले की ते नळ्यांवरून सुटतं आणि आपापसात गुंततं. वाहतूक कोलमडते. अमायलॉइड मेंदूत पंधरा-वीस वर्षं मुकाट साचलेलं असू शकतं, पण स्मरणशक्ती घसरते ती टाऊ जसजसं पसरतं तसतशी. म्हणूनच डोक्याच्या स्कॅनमध्ये अमायलॉइड दिसूनही ठणठणीत असलेले लोक सापडतात.

टाऊची ही गुंतवळ आधी कुठे होते? कानशिलाच्या आतल्या बाजूला, एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागात आणि मग हिप्पोकॅम्पसमध्ये. नव्या आठवणी जमा करण्याचं आणि रस्त्यांचा नकाशा सांभाळण्याचं काम याच भागांत चालतं. या नकाशा-पेशींच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणून आजी सकाळी काय जेवल्या ते विसरतात आणि बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या मिलोच्या भाकरीची चव मात्र वर्णन करून सांगतात. जुन्या आठवणी मेंदूत इतरत्र पक्क्या झालेल्या असतात. आणि म्हणूनच चाळीस वर्षं राम मारुती रोडवर भाजी घेणारी बाई एक दिवस गोखले रोडवर येऊन थांबते आणि घर कुठल्या बाजूला ते तिला सुचत नाही. (नेरूळच्या सेक्टरांत चुकलात तर घाबरू नका, तिथे सगळेच चुकतात. ओळखीचा रस्ता चुकणं ही वेगळी गोष्ट आहे.)

चेतापेशीच का मरतात, यकृताच्या का नाही? यकृताची पेशी बिघडली तर तिच्या जागी नवी येते. चेतापेशी बहुतांशी जन्मभराची असते. मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराची वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या पेशी तर आणखीच अडचणीत असतात. मेंदूच्या देठात सबस्टॅन्शिया नायग्रा नावाची काळी पट्टी असते, इतकी काळी की मेंदू कापला तर नुसत्या डोळ्यांना दिसते. पार्किन्सनमध्ये ती फिकट पडते. इथल्या एकेका पेशीला इतक्या शाखा असतात की तिच्या जोडण्यांचा अंदाज दहा लाखांच्या वर जातो. एवढा पसारा चालवायला मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी अंगं, सतत कामाला जुंपलेली असतात.

ती बंद पडली तर काय होतं ते १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. नशेसाठी चोरून बनवलेल्या एका पावडरीत एमपीटीपी नावाचं रसायन आलं. ती टोचून घेणारी तरुण मुलं दिवसांत पुतळ्यासारखी ताठ झाली. एमपीटीपीपासून बनणारं विष नेमकं याच पेशींत शिरून मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जानिर्मितीचा पहिला टप्पा रोखतं. रोटेनॉन हे कीटकनाशकही तोच टप्पा रोखतं. पॅराक्वाट हे तणनाशक पेशींना वेगळ्या वाटेने इजा करतं. या दोन्हींचा पार्किन्सनशी संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. शेतावर फवारणी करणाऱ्याने तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, ते यासाठीही.

आता साफसफाई. पेशीत बिघडलेली प्रथिनं मोडायची दोन ठिकाणं आहेत. छोटी कामं प्रोटिअसोम करतो. मोठे पुंजके, जुने मायटोकॉन्ड्रिया पापुद्र्यात गुंडाळून लायसोसोममध्ये नेले जातात आणि तिथे विरघळवले जातात. या दुसऱ्या पद्धतीचं नाव ऑटोफॅजी, आणि तिच्यामागची जनुकं शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. वयानुसार ही यंत्रणा मंदावते. काहींमध्ये ती जन्मतःच अशक्त असते. लायसोसोममधल्या एका विकराच्या जनुकात, जीबीएमध्ये, दोष असला तर पार्किन्सनचा धोका कित्येक पटींनी वाढतो. पेशीबाहेरचा भाग मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी सांभाळतात. त्या अमायलॉइड गिळतात, पण वर्षानुवर्षं चिडलेल्या राहिल्या तर त्यांच्याच रसायनांनी निरोगी जोडण्याही जळतात. २०१३ मध्ये त्यांच्या ट्रेम-२ या जनुकातला दोष अल्झायमरचा धोका वाढवतो असं सापडलं, तेव्हापासून या पेशींकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

"झोपेत मेंदू धुतला जातो" हे वाक्य तुम्ही मोबाइलवर वाचलं असेल. त्याचा उगम २०१३ च्या उंदरांवरच्या एका प्रयोगात आहे. २०२४ मध्ये दुसऱ्या गटाने उंदरांवरच उलटा निष्कर्ष काढला, की झोपेत सफाई कमी होते. वाद चालू आहे. झोप चांगलीच, पण या एका कारणासाठी महागडी गादी घेऊ नका.

हंटिंग्टनमध्ये सगळं एका जनुकावर येऊन थांबतं. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं लागोपाठ लिहिलेली असतात. ती ४० वेळा किंवा जास्त आली तर आजार होणारच, साधारण तिशी ते पन्नाशीत. ३६ ते ३९ मध्ये होईलही, नाहीही. आईवडिलांपैकी एकाकडून मुलाला येण्याची शक्यता निम्मी. हे जनुक १९९३ मध्ये सापडलं. एएलएसमध्ये हालचालीच्या चेतापेशी मरतात आणि बहुतेक रुग्णांत टीडीपी-४३ हे प्रथिन केंद्रकातली आपली जागा सोडून बाहेर गोळा झालेलं दिसतं. ते २००६ मध्ये कळलं.

औषधांचं बघू. यात आपल्या मातीचा एक धागा आहे आणि तो मला सांगायला आवडतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. सर्पगंधेतून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं. ससे गळून पडले, हलेनात. मग लेव्होडोपा, म्हणजे शरीरात ज्यापासून डोपामाइन बनतं ते रसायन, टोचलं आणि ससे पुन्हा हिंडू लागले. डोपामाइन हे स्वतंत्र निरोप्या रसायन आहे आणि हालचाल त्यावर चालते, हे त्यातून सिद्ध झालं. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. दरम्यान पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन कमी असतं हे व्हिएन्नात दिसलं आणि लेव्होडोपा औषध म्हणून आलं. गंमत म्हणजे खाजकुइलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असल्याचं दामोदरन आणि रामस्वामी या भारतीयांनी १९३७ मध्येच दाखवलं होतं. म्हणून तिचं चूर्ण गोळ्यांच्या जोडीला आपल्या मनाने घेऊ नये. आत औषध किती आहे ते पुडीगणिक बदलतं.

लेव्होडोपाची गोळी घेणाऱ्या घरांत एक तक्रार ऐकू येते. कधी गोळी लगेच लागू पडते, कधी अजिबात पडत नाही. बहुतेक वेळा जेवण कारण असतं. लेव्होडोपा स्वतःच अमिनो आम्ल आहे, त्यामुळे आतड्यातून आत जाताना आणि पुढे रक्तातून मेंदूत शिरताना डाळ, पनीर, मटणातून आलेल्या अमिनो आम्लांशी त्याची चढाओढ होते. सकाळी मोड आलेल्या मटकीची मिसळ चापून त्यावर गोळी घेतली, तर तलावपाळीची फेरी होण्याआधी पाय जमिनीला चिकटणार. जेवणाआधी अर्धा तास गोळी हा साधा नियम, मात्र वेळा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ही गोळी डोपामाइनची उणीव भरते. पेशी मरायच्या थांबत नाहीत.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड धुऊन काढणारी औषधं आता आली आहेत. लेकॅनेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनॅनेमॅबला २०२४ मध्ये. लेकॅनेमॅबबद्दल बातम्यांत "घसरण २७ टक्के मंदावली" असं आलं. तो आकडा खरा आहे. १८ महिन्यांनंतर १८ गुणांच्या मोजपट्टीवरचा फरक मात्र ०.४५ गुणांचा होता. शिरेतून वारंवार ठिबक, पुन्हा पुन्हा एमआरआय, आणि काहींमध्ये मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव. अल्झायमरची शक्यता वाढवणारं एपीओई-४ हे जनुक दोन्ही पालकांकडून आलेल्यांना हा धोका सर्वांत जास्त. ही औषधं निरुपयोगी आहेत असं मला वाटत नाही. त्यांनी अमायलॉइडचा वाटा प्रत्यक्ष माणसांत सिद्ध केला. पण आजार वीस वर्षं मुरल्यावर ती दिली जातात, त्यामुळे कुणी फार आशा दाखवली तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवावेत.

म्हणून मला चाळीस-पन्नाशीतल्या वाचकांची जास्त काळजी वाटते. भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने बदलता येतील अशी १४ कारणं मोजली आणि ती सगळी हटवली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा पुढे ढकलता येईल असं म्हटलं. त्यांतली काही म्हणजे रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, डोक्याला मार, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, आणि कमी ऐकू येणं. शेवटच्या दोन मला मुद्दाम अधोरेखित करायच्या आहेत. घोडबंदर रोडची धूळ एकट्याने थांबवता येत नाही. पण ऐकण्याचं यंत्र लावलं तर लोक काय म्हणतील, म्हणून ते कपाटात ठेवणारे आजोबा प्रत्येक मजल्यावर आहेत. ऐकू आलं नाही की माणूस बोलणं टाळतो, कट्ट्यावर जाणं सोडतो आणि मेंदूला मिळणारा खुराकही आटतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. विसरभोळेपणा किंवा मंद हालचाल दिसली म्हणजे हाच आजार, असं घरी ठरवून टाकू नका. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत नेहमीची आहे. थायरॉइड, नैराश्य, न्हाणीघरात पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, या सगळ्यांनी स्मृतिभ्रंशासारखं चित्र उभं राहतं आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी सुधारतात. चक्कर येते म्हणून सुरू झालेली आणि कधीच बंद न केलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मळमळीची मेटोक्लोप्रामाइड, यांनी हुबेहूब पार्किन्सन दिसू शकतो. औषध थांबलं की काही आठवड्यांत-महिन्यांत तो बहुधा ओसरतो. या गोळ्याही स्वतःहून बंद करायच्या नाहीत. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना फाइलच्या जोडीला घरातली औषधांची पिशवी घेऊन जा. ॲसिडिटीच्या, झोपेच्या, कुणीतरी सुचवलेल्या चूर्णाच्या, सगळ्या पुड्या आणि स्ट्रिप्स टेबलावर मांडा आणि प्रत्येक कधीपासून चालू आहे ते सांगा.